काजळी जाळण्याचे रविवार

पांढरी गाडी घेतली, तर मेकॅनिकला दहा वर्षांत दोन लाख चाळीस हजारांचं काम मिळणार होतं. राखाडी घेतली, तर फार तर सत्तर हजारांचं. मधल्या फरकात गॅरेजला गाडी उचलायची एक लिफ्ट आरामात बसत होती, आणि लिफ्ट नसल्यामुळे पंधरा वर्षं गाडीखालच्या खड्ड्यात वाकून काम करून त्याच्या कमरेचे तीन मणके कामातून गेले होते. तरीही त्याने राखाडी घ्या म्हणून सांगितलं. सगळं बिनसलं ते इथे.

सल्ला विचारला होता दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी एका मोठ्या छापखान्यात खरेदी-अधिकारी. शाईपासून शौचालयाच्या बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूची तीन दरपत्रकं मागवायची, आणि कोणी आपणहून एखाद्या दुकानाचं नाव सुचवलं तर ते दुकान आधी बाद करायचं, अशी त्यांची पद्धत. ज्याने नाव सुचवलं त्याचा त्यात हात आहे. या एका नियमावर त्यांनी छापखान्याचे एवढे पैसे वाचवले होते, की निरोप समारंभात त्याचा उल्लेख होणार हे नक्की होतं.

शिवाय मेकॅनिकचं जुनं प्रकरण होतंच. अकरा वर्षांपूर्वी त्याने दाजींच्या गाडीची क्लचप्लेट बदलली, आणि तीन महिन्यांत ब्रेक गेले. क्लच आणि ब्रेक यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्याने चारदा सांगितलं.

"शेजारी शेजारी असतात की," दाजी म्हणाले होते.

ती गाडी आता खरोखरच संपली होती, आणि नवी हवी होती ती ताईला. ताई फिजिओथेरपिस्ट. सकाळी आठपासून घरोघर जाऊन लोकांचे गुडघे, खांदे आणि पक्षाघाताने रुसलेले हात हलवायची. दिवसाला नऊ पेशंट, एकातून दुसरीकडे दोन-तीन किलोमीटर. आठवडाभर लोकांची ओझी उचलल्यावर रविवारी ती दुपारपर्यंत आडवी पडून राहायची, आणि हा एक दिवस कोणी मागू नये एवढीच तिची जगाकडून अपेक्षा होती.

पसंतीस उतरलेल्या दोन्ही गाड्या डिझेल, दोन्ही सेडान, दोन्ही वापरलेल्या. पांढरी शोरूममधली, पाच लाख वीस हजार, वर एक वर्षाची वॉरंटी. राखाडी तीन वर्षांनी जुनी, एका निवृत्त मास्तरांची, चार लाख साठ हजार. तिची देखभाल पहिल्या दिवसापासून मेकॅनिकनेच केली होती.

"राखाडी घ्या, दाजी," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "पांढरी वाईट नाही, पण ताईच्या कामाची नाही. तिच्या धुराड्यात काजळी अडवायचं फिल्टर आहे. ते गाडी लांब पळवली, तापली, तरच आतल्या आत जळून साफ होतं. ताई गाडी सुरू करणार, दोन किलोमीटर जाणार, बंद करणार. महिनाभरात चोंदेल."

"राखाडीला फिल्टर नाही?"

"तिच्या वेळी नव्हतंच."

"म्हणजे धूर सोडते."

"थोडा सोडते. ओढून धरत नाही."

"हे लेखी दे," दाजी म्हणाले.

मेकॅनिकने बेअरिंगच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'ताईचं फिरणं जवळचं. पांढरीचं फिल्टर चोंदेल. राखाडी घ्या.' खाली सही केली. दाजींनी ते झाकण फाइलला लावलं.

मग त्यांनी तक्ता केला. किंमत, डिझेल, विमा, टायर, सर्व्हिस, बॅटरी, वायपरचे रबर. आणि दहा वर्षांनी विकून येतील ते वजा. चार रविवार गेले. पांढरी पडत होती चौदा लाख सदतीस हजारांना, राखाडी तेरा लाख शहात्तर हजारांना. राखाडी एकसष्ट हजारांनी स्वस्त.

"मग झालं की," ताई म्हणाली. "घ्या राखाडी."

"हाच आकडा त्याला हवा होता."

"कोणाला?"

"तुझ्या भावाला. अगं, मेकॅनिक माणूस. जी गाडी कमी बिघडते ती घ्या म्हणतो. उद्या डॉक्टर म्हणेल, आजारी पडू नका."

"मीही पेशंटला घरी व्यायाम करा म्हणूनच सांगते."

"आणि ते करतात का? तुलाही माहीत आहे, करत नाहीत."

ताईने विषय सोडला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

तक्त्यात दोन ओळींची भर पडली, दोन्ही राखाडीच्या रकान्यात. 'मेकॅनिकचं कमिशन, किमतीच्या दहा टक्के: ४६,०००.' आणि 'किरकोळ लबाडी, वर्षाला अडीच हजारप्रमाणे: २५,०००.' पांढरीच्या रकान्यात दोन्ही ठिकाणी रेघ, कारण ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाणार होती आणि तिथली बिलं छापील असतात. राखाडी झाली चौदा लाख सत्तेचाळीस. पांढरी दहा हजारांनी स्वस्त ठरली आणि शनिवारी दारात आली.

पाचव्या आठवड्यात नारिंगी दिवा लागला. सहाव्यात गाडीने वेग सोडला आणि उड्डाणपुलावर ताई सायकलींच्या मागून चालली. पक्षाघाताच्या आजोबांकडे पोचायला पाऊण तास उशीर झाला. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्यांच्या सुनेने दुसरी बाई लावली. त्यांच्यामागोमाग त्याच इमारतीतला एक गुडघाही गेला.

सर्व्हिस सेंटरने छापील कागद दिला: फिल्टर वॉरंटीत बसत नाही, बदलायचं तर एक लाख दहा हजार. दाजींनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती. मग ते गाडी हळूहळू चालवत मेकॅनिककडे घेऊन गेले.

मेकॅनिकने फिल्टर उतरवलं, धुतलं, दोन सेन्सर बदलले. मागच्या वेळी काय सांगितलं होतं, याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"किती झाले?"

"सेन्सरचे चार हजार द्या. मजुरी नको, ताईची गाडी आहे."

दाजींचा चेहरा बदलला. "मजुरी का नको?"

"अहो, घरचं काम."

"फुकटाचं मला परवडत नाही. बिल कर, सगळं घाल."

मेकॅनिकने सगळं घातलं. अकरा हजार चारशे. दाजींनी ओळ न् ओळ तपासली आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हे बरं. असं सरळ वागावं माणसाने. आता गाडीचं सगळं काम तुझ्याकडेच."

"आणि दाजी, पुन्हा चोंदायला नको असेल, तर दर पंधरा दिवसांनी एकदा महामार्गावर न्या. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं. एकसारखा वेग. मधे थांबायचं नाही, काजळी अर्धीच जळते."

अशा रीतीने रविवार सुरू झाले. दाजी गाडी चालवत. ताई शेजारी बसून दिव्याकडे लक्ष ठेवी आणि वेग व वेळ वहीत लिही, कारण चालवताना लिहिणं धोक्याचं असतं. चाळीसाव्या किलोमीटरवर पेट्रोलपंप होता, त्याला चहाची टपरी होती.

"अहो, एक कप तरी."

"काजळी."

टपरी मागे जाई. लोक समुद्रावर जात, नातेवाइकांकडे जात. हे दोघं एका पेट्रोलपंपाला वळसा घालून परत येत.

दोन वर्षांनी दाजींना टायरच्या दुकानात मास्तर भेटले. राखाडी गाडी एका बेकरीवाल्याने नेली होती. पाव पोचवते, म्हणाले, अजून कुरकुर नाही.

"तुम्ही का नाही घेतलीत, ते मात्र कळलं नाही," मास्तर म्हणाले. "मी पाच लाख सांगत होतो. तुमच्या मेहुण्याने माझ्याशी भांडून चाळीस हजार पाडले. बहिणीसाठी हवी आहे म्हणून."

"आणि त्याचे किती?"

"त्याचे कसले? चहा दिला होता. तोही गार करून प्यायला."

दाजी घरी आले, फाइल काढली. कमिशनची ओळ लाल शाईने खोडली, बाजूला सही आणि तारीख. लबाडीची ओळ जरा वेळ बघत बसले, मग तीही खोडली. राखाडी पुन्हा एकसष्ट हजारांनी स्वस्त झाली. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. मेकॅनिक नव्या लिफ्टखाली ताठ उभा होता, वर पांढरी गाडी.

"राखाडीत तुझा फायदा काय होता?"

"काही नाही."

"मग घ्या का म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

या उत्तरासाठी दाजींच्या तक्त्यात रकाना नव्हता.

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगायचं? माझा फायदा नाही म्हणून? तुम्ही आणखी पन्नास हजार लावले असते."

संध्याकाळी दाजींनी दोन वर्षांचा हिशेब पुरा केला. मेकॅनिकला दिले शहाण्णव हजार. त्यात त्याच्या लिफ्टचा मोठा भाग निघाला आणि कमरेचं दुखणं थांबलं, त्यामुळे दर गुरुवारी ताईकडे फुकट कंबर दाखवायला येणंही थांबलं. तुटलेले पेशंट दोन. महामार्गावर चार हजार एकशे साठ किलोमीटर, पोचलेलं ठिकाण एकही नाही. खाली 'भरणार' असं लिहून त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि तपासायला वही ताईकडे दिली.

ताईने चष्मा लावला, बेरीज बरोबर असल्याची खूण केली, आणि तळाशी आपल्या अक्षरात एक ओळ घातली.

'रविवार: बावन्न. भरणार: मी.'