आडोसा

शुक्रवारी तंत्रज्ञ जयराजने पुन्हा नकारार्थी मान हलवली. मिरजेच्या इस्पितळात किरणोपचाराच्या खोलीत तो धोंडुबाईंच्या ओटीपोटावर गार जेल लावून सोनोग्राफी करत होता. पडद्यावर पहिल्या दिवशी आखलेली रेघ होती. लघवीची पिशवी त्या रेघेपर्यंत भरली की आतडी वर सरकतात, गर्भाशय ठरल्या जागी येतं, आणि मगच किरणं द्यायची. आज रेघेच्या आत पिशवीचा जेमतेम लिंबाएवढा काळा डाग होता.

"आजी, पाणी प्याला नाहीत तुम्ही."

"प्याले की."

"मग गेलं कुठं?"

"मला काय ठावं? तुज्या मशिनीला इचार."

बुधवारी, गुरुवारी त्यांना असंच परत पाठवलं होतं. उद्या-परवा यंत्र बंद. फार खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जयराज म्हणाला, "शेवटच्या नंबरला घेतो. तोवर प्या."

बाहेर बाकावर सून समीक्षा बसली होती. कुपवाडच्या कारखान्यातली तिची ही तिसरी रजा. तिने बाटली पुढे केली. धोंडुबाईंनी ओठ ओले केले आणि बाटली खाली ठेवली.

"आत्या, गिळा की जरा."

"घरला जाऊ गं. लय कटाळा आला."

"आन् गाठ?"

धोंडुबाईंनी आवाज खाली आणला.

"उभा जलम मेंढरामागं गेला. माळाला ना झाड, ना झुडूप. बाईमाणसानं दिवसा पानी प्यायचंच न्हाई, अंधार पडल्यावर प्यायचं. आता तितं, गड्यांम्होरं, त्या टेबलावर झालं म्हंजे?"

समीक्षा उठली आणि तिने दारातूनच जयराजला विचारलं, "टेबलावर झालं तर काय करता?"

"पुसतो. लय जणांचं होतंय. मोठमोठ्या साहेबांचंबी झालंय."

"आत कोण असतं?"

"कुणी नाही. आम्ही बाहेरून कॅमेऱ्यात बघतो. अंगावर चादर असती."

समीक्षाने सासूला सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचंसुद्धा.

"सायबाचंबी?"

"व्हय."

धोंडुबाईंनी बाटली उचलली. संपल्यावर दुसरी मागितली. मग पाय आवळून, भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. समीक्षाला तेवढ्यात डुलकी लागली.

शेवटचा नंबर आला. काळा डाग रेघेला टेकला. जड दार लागलं आणि काही मिनिटांनी उघडलं. धोंडुबाई निऱ्या मुठीत धरून, कुणाकडे न बघता बाहेर आल्या आणि सरळ संडासाकडे निघाल्या. आतून कडी होती.

समीक्षाने दार वाजवलं. "आवं, आटपा लवकर. म्हातारं माणूस हाय."

आतून एक बाई खेकसली, "आमीबी पेशंटच हाय!"

धोंडुबाईंनी समीक्षाच्या खांद्यावर भार टाकला आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ दे तिला. आडोसा घावलाय, बसू दे निवांत."