वळणापर्यंत जाणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, की एक छोटी गाडी आहे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. मला पाठ आहे, दोन हात आहेत, बसायला गादी आहे. म्हणजे मी खुर्ची. पण मला मोटार आहे, बॅटरी आहे, कमरेला बांधायचा पट्टा आहे आणि मी रुळावरून जिना चढते. म्हणजे मी गाडी. लोक मला 'जिन्याची लिफ्ट' म्हणतात. खरी लिफ्ट मी एकदाच पाहिली. ती एक बंद खोली होती. माझे तिच्याशी काय नाते, ते मला काही समजले नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या तपासणीस बाईंनी माझ्या गादीवर वाळूची पोती ठेवली आणि मला चाळीस वेळा वर-खाली पळवले. मी एकदाही अडखळले नाही. "गुणाची आहे," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आपला जन्म वाळू वाहण्यासाठी झाला आहे, असे तेव्हा माझ्या डोक्यात पक्के बसले. पहिल्या घरी गेल्यावर कितीतरी दिवस मी पोत्यांची वाट पाहत होते.

ते घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचे होते. त्यांच्या मुलाने मला हौसेने आणले, तेरा पायऱ्यांच्या जिन्यावर माझा रूळ बसवून घेतला आणि वडिलांना हाताला धरून माझ्यासमोर उभे केले. मुख्याध्यापकांनी मला चष्म्यावरून न्याहाळले.

"मी काय पार्सल आहे?" एवढेच ते बोलले आणि कठडा धरून, एकेका पायरीवर दम खात, माझ्या शेजारून वर निघून गेले.

रोज हेच चालले. मग सूनबाई माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवून कळ दाबू लागल्या. मी कपडे घेऊन डौलात वर जात असे आणि मुख्याध्यापक धापा टाकत मागून येत. मी फार गोंधळून गेले होते. ज्यांना गुडघेच नाहीत ते कपडे बसून जातात आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते गृहस्थ चालत जातात, हा काय प्रकार आहे?

एक दिवस मुलाचा संयम सुटला. "बाबा, एवढ्या हौसेने आणली, तुम्ही बसत का नाही?"

"मला वर जायचंच नाहीये," मुख्याध्यापक म्हणाले. "खालच्या खोलीत उजेड आहे. माझी खाट खाली टाक."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

मुलाने माझ्या गादीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले. त्याच आठवड्यात खाट खाली आली आणि पुढच्या महिन्यात एक फिटर येऊन मला भिंतीपासून सोडवून घेऊन गेला.

फिटरच्या गोदामात मी कितीतरी दिवस पडून होते. भोवती चाकांच्या खुर्च्या, दवाखान्यातल्या खाटा, कुबड्यांचे जुडगे. माझी बॅटरी उतरली होती. रूळ दोरीने बांधून कोपऱ्यात उभा केला होता. रुळावाचून मी अगदीच साधी खुर्ची झाले होते, पण गोदामातले कुणी माझ्यावर बसतही नव्हते. फिटर मात्र मनाने चांगला होता. आठ-पंधरा दिवसांनी माझ्यावरून एक फडका फिरवायचा आणि म्हणायचा, "लागेल गं तुझी वर्णी कुठेतरी."

मग एका सकाळी एक तरुण मुलगी आली. तिच्या बोटांना खळ वाळून चिकटली होती. तिची आई आणि तिची काकू, म्हणजे एकमेकींच्या जावा, गेली सव्वीस वर्षे मिळून पुस्तके बांधायचे काम करत होत्या. फाटक्या पुस्तकांना शिलाई घालायची, पुठ्ठा चढवायचा आणि वर सोनेरी अक्षरात नाव उमटवायचे. शिलाई धाकट्या जाऊबाईंची, म्हणजे आईची, अक्षरे थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे काकूंची. राहायच्या खोल्या खाली आणि कारखाना वर. उन्हाळ्यात थोरल्या जाऊबाई पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण जिना त्यांना बंद झाला.

"काका, नव्या लिफ्टची तीन ठिकाणी चौकशी केली," मुलगी फिटरला सांगत होती. "एका दुकानात तर भाव सांगायच्या आधी मला पाणी दिलं, पंखा लावला आणि खाली बसवलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. ते आपल्या आवाक्यातलं नाही. जुनी असेल तर चालेल, पण दणकट हवी. काकू पुन्हा पडायला नको."

फिटरने माझ्यावर हात ठेवला. "ही आहे. पायऱ्या किती तुमच्या?"

"तेरा."

"वा! हिचा रूळ तेराचाच आहे. जिना सरळ आहे ना?"

"सरळच आहे की. लहानपणापासून धावत चढतेय मी."

माझे हृदय, म्हणजे मोटार, आनंदाने भरून आले. दुसऱ्याच दिवशी फिटरने मला टेम्पोत चढवले. नव्या घराच्या दारात मला उतरवून त्याने आत पाऊल टाकले आणि तो जागीच थबकला.

"अहो, हा तर वळतो!"

"हो, वळतो," मुलगी म्हणाली. "आठ पायऱ्या झाल्या की वळतो, मग पाच. पण तसा सरळ आहे."

"सरळ म्हणजे न वळणारा!"

"अय्या! मला वाटलं, चढायला सोपा आहे का विचारताय."

फिटरने कपाळाला हात लावला. माझा रूळ सरळ, तो वाकत नाही. वळणाचा रूळ त्या-त्या जिन्याच्या मापाने बनवून घ्यावा लागतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त पैसे पडतात, असे त्याने समजावून सांगितले. मुलगी पहिल्या पायरीवर मटकन बसली. मी दारात उभी. आत यायचे की परत जायचे, हे मला कुणी सांगेना.

आतल्या खोलीतून थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला. "जाऊ दे गं बाळा, जिवाला लावून घेऊ नकोस. मी पिशवी भरलीच आहे. मुलगा कधीचा बोलावतोय, चार दिवसांनी जाईन त्याच्याकडे."

वरून धाडधाड पावले वाजली. धाकट्या जाऊबाई वळणावर येऊन उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत खळ, केसांत कागदाचे कातरण. "ऐकलंत? लिफ्ट दारात येऊन पोहोचते न पोहोचते तोच यांची पिशवी तयार! सव्वीस वर्षं माझ्या शिलाईला नावं ठेवली आणि आता निघाल्या."

"तुझ्या शिलाईला नाही ठेवली कधी. मी पडल्यापासून तू छापतेस, त्या अक्षरांना ठेवली," आतून उत्तर आले. "काल खाली आणलेलं पुस्तक बघितलंस? नाव उलटं छापलंयस तू. वाचणाऱ्याने काय डोक्यावर उभं राहायचं?"

"मग या ना वर, तुम्हीच छापा!"

हे बोलून धाकट्या जाऊबाईंनी तोंड फिरवले. त्यांचे डोळे भरले होते. मी पुरती गोंधळले. या दोघी भांडत होत्या, की आणखी काही करत होत्या?

फिटर मात्र थोरल्या जाऊबाईंच्या दाराशी गेला. "आजी, एक विचारू? तुम्हाला वर जायचंय कशाला? झोपायची खोली खाली, न्हाणी खाली."

आतून पिशवी बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"अक्षरं उमटवायला," त्या म्हणाल्या. "ठसे तापवायची शेगडी वर आहे, पुस्तकं दाबायचं यंत्र वर आहे. ती दोन्ही हलत नाहीत. ही तापलेला ठसा खाली आणून देते, पण तेरा पायऱ्या उतरेपर्यंत तो गार होतो. अक्षर फिकट उठतं. ग्रंथालयाची तीनशे पुस्तकं आलीत. ती अशी फिकट द्यायची?" मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि खाली दिवसभर बोलायला कुणी नसतं."

फिटरने कानामागची पेन्सिल काढली. तो वळणापाशी गेला. तिथे दोन माणसे बसतील एवढी चौकोनी जागा होती आणि भिंतीला खिडकी होती. त्याने खिडकीपासून कठड्यापर्यंत माप घेतले. मग वर पाहून विचारले, "पाच पायऱ्यांत ठसा गार होतो का हो?"

धाकट्या जाऊबाईंनी डोळे पुसले. "पाचात कशाला गार होतोय!"

आणि मग, मित्रांनो, फिटरने करवत आणली. माझा रूळ तेरा पायऱ्यांचा होता, तो त्याने आठ पायऱ्यांचा केला. करवतीच्या त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. मी काय चुकले होते? चाळीस वेळा वर-खाली गेलेली मी, आता निम्म्या जिन्याची मानकरी! मला बसवले, बॅटरी भरली, पट्टा तपासला. मग मुलीने काकूंना धरून आणले आणि माझ्यावर बसवले.

पहिल्यांदाच माझ्या गादीवर माणूस बसले होते! पोत्यापेक्षा हलके, कपड्यांपेक्षा जड. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. मी निघाले. आठ पायऱ्या संपल्या आणि मी थांबले. पुढे रूळच नव्हता. थोरल्या जाऊबाई उरलेल्या पाच पायऱ्यांकडे बघत राहिल्या. आता या रडणार, असे मला वाटले. मी यांना मध्येच आणून टाकले, असेच या म्हणणार.

फिटरने माझी गादी फिरवली. मी खिडकीकडे तोंड केले. त्याने भिंतीला बिजागरीने लावलेली एक फळी खाली पाडली आणि ती बरोबर त्यांच्या पुढ्यात आली. तेवढ्यात वरून आवाज आला, "हात बाजूला घ्या, तापलेला आहे!" धाकट्या जाऊबाई ठसा घेऊन भराभर पाच पायऱ्या उतरल्या. थोरल्या जाऊबाईंनी फळीवर ठेवलेल्या पुस्तकावर सोनेरी पट्टी लावली, ठसा दाबला, मनातल्या मनात काहीतरी मोजले आणि उचलला. अक्षर लखलखीत उठले.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात अक्षर."

"बघितलं," धाकट्या म्हणाल्या. "आता दुसरं करा. दोनशे नव्याण्णव राहिलीत."

तेव्हापासून मी रोज सकाळी एकदा वर जाते आणि संध्याकाळी एकदा खाली येते. बाकीचा दिवस वळणावर उभी असते. आता सांगा, दिवसभर उभी राहणारी ही गाडी कसली? आणि पायऱ्या चढणारी ही खुर्ची तरी कसली? धाकट्या जाऊबाई दिवसातून साठ-साठ वेळा पाच पायऱ्या उतरतात आणि 'पाय मोडले माझे' म्हणून कुरकुरतात. पण परवा कुणी बघत नाही असे पाहून त्या हळूच माझ्यावर बसल्या आणि उगाचच दोन फेऱ्या मारून आल्या. पोत्यांचे मला समजत होते. माणसांचे खरेच समजत नाही.

ग्रंथालयाची पुस्तके वेळेवर गेली. गेल्या आठवड्यात थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचा फोन आला. "आई, येतेस कधी? पिशवी भरली होतीस ना?"

"अरे, मी आत्ता जिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "ठसा तापलाय. नंतर बोलू."

मित्रांनो, मी शहाणी नाही. मला रूळ दिसतो तेवढेच समजते. तरी तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणाचे पाय थकले असतील, तर त्यांच्यासाठी काहीही आणण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, तुम्हाला जायचंय कुठे, आणि तिथे काय करायचंय? उत्तर ऐकायला थोडा वेळ लागेल, तेवढा द्या. मग टेप घेऊन जिना नीट मोजा. सरळ म्हणजे काय, तेही एकदा विचारून घ्या. आणि माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी आलीच, तर तिच्या रुळावर चपला ठेवू नका, तिच्या हातांना लोंबकळू नका. रुळात कातरण अडकले की मला ठेच लागते आणि त्या वेळी माझ्यावर कुणीतरी बसलेले असते.

एवढे बोलून थांबते. थोरल्या जाऊबाई आल्या आहेत. एक हात मुलीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात चष्मा. त्या बसल्या. पट्ट्याचा चाप लागल्याचा आवाज आला, की मला निघायचे आहे.