वाढवलेला संच

आमच्या दुकानात 'बंद' हा शब्द बंद आहे. गुलमंडीतलं कापडाचं दुकान, गादीवर आप्पासाहेब, वय चौऱ्याहत्तर, आणि हा त्यांचा कायदा. शटर ओढायची वेळ झाली की "दुकान वाढवा" म्हणायचं. कुणी चुकून "बंद करू का?" म्हणालं, तर आप्पासाहेब कपाळाला आठ्या घालून उदबत्ती शोधायला लागतात. बांगडी फुटली तर वाढली, नारळ फोडला तर वाढवला, हे सगळीकडंच आहे म्हणा. पण एकदा मी "आप्पासाहेब, फ्यूज वाढला" म्हणाले, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी सुलेखा. गारखेड्यात राहते आणि बारा वर्षं या दुकानात ब्लाउजपीस आणि अस्तराचं काउंटर बघते. माझे वडील संघपाल, बाबासाहेबांना मानणारे. त्यांनी आम्हा भावंडांच्या डोक्यात शकुन-अपशकुन शिरूच दिले नाहीत. मांजर आडवं गेलं तर म्हणायचे, "त्याला तिकडं काम आसंल." त्यामुळं आप्पासाहेबांचा कायदा मी पाळायचे, पण मनातून हसून.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाला फारशी कळत नव्हती. मी गणित शिकत होते. तीन वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात रद्दीवाल्याकडं मला एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं. गणिताचं पुस्तक, आणि आत आकडेच नाहीत! उभ्या-उभ्या पंचवीस पानं उलटली. कुठं तरी एक, कुठं तरी शून्य. बाकी सगळी अक्षरं आणि 'समजा', 'असं असेल तर', 'म्हणून'. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी लग्नापायी अर्धवट सोडलं, तोवर गणित म्हणजे उत्तर काढायचं, एवढंच मला माहीत होतं. हे पुस्तक कशाचं उत्तर मागतच नव्हतं. मग हे करतं तरी काय? एवढ्या एका प्रश्नापायी ते मी घरी आणलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन माळ्यावर जायचे. कापडाचं थान संपलं की आतला पुठ्ठा माझा. खडूनं खुणा करायच्या, पेनानं पक्कं लिहायचं. इंग्रजी शब्दांना मी माझे मराठी शब्द करून घेतले होते. संच, उघडा संच, बंद संच. नवरा अभय वाळूजला कंपनीत आहे. तो म्हणायचा, "तुझं चालू दे." घरात दिवाणाखाली पुठ्ठे मावेनात, तरी तो तेवढंच म्हणायचा.

शिकवणारं कुणी नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खुपायचं ते वेगळंच. आपणच गणित घ्यायचं, आपणच सोडवायचं आणि आपणच त्याच्यावर बरोबरची खूण करायची. 'चुकलीस' म्हणणारं कुणी नाही, मग 'बरोबर'ला तरी काय किंमत? तीन वर्षं मी गणित शिकत होते की मनचे मांडे खात होते, हे मला सांगणार कोण?

म्हणून मी तो अर्ज भरला. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेची मे महिन्यात दोन आठवड्यांची शाळा होती, उच्च गणिताची. पदवी नसली तरी चालेल, पण मोबाइलवर समोरासमोर मुलाखत होईल, असं लिहिलं होतं. एप्रिलमधल्या एका मंगळवारची तारीख मिळाली, सकाळी अकराची. निवडीचं मला फार नव्हतं. खऱ्या गणितवाल्या माणसासमोर बोलायला मिळणार होतं, आणि ते हसले तर तीन वर्षांचे पुठ्ठे रद्दीत जाणार होते. हे मी अभयलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच मी अडकले.

अडकले ते संच बंद करण्यावर. समजा, शून्य आणि एक यांच्यामधल्या सगळ्या संख्या घेतल्या, पण टोकाचा शून्य आणि टोकाचा एक सोडून. हा उघडा संच. एकाच्या कितीही जवळ जा, पुढं अजून जागा असतेच, पण एक काही हाताला लागत नाही. पुस्तक म्हणालं, आता याला बंद करा. मी कापडातली बाई. कापलेल्या कापडाची कड उघडी असते, दोरे सुटतात. ती बंद करायची म्हणजे आत दुमडायची आणि शिवायची. कापड जरा आखूड होतं, पण कड पक्की होते. मी संचाची कड तशीच दुमडली. पॉइंट एकपासून पॉइंट नऊपर्यंत, दोन्ही टोकं धरून. झाला बंद.

पण पुस्तक म्हणत होतं की असा संच एकच असतो. मला तर ढिगानं सापडत होते. दुमड जरा बारीक केली की आधीच्याहून मोठा बंद संच मिळायचा. आणखी बारीक केली की त्याहून मोठा. सगळ्यात मोठा कोणता? दुमड पार काढून टाकली तर कड पुन्हा उघडी. सहा आठवडे मी दुमडत बसले होते. पुठ्ठ्यावर पुठ्ठे भरले. पुस्तक चुकलंय असंही एकदा वाटून गेलं, इतकी माझी मजल गेली.

मुलाखतीला दहा दिवस उरले होते. दुपारची एकची वेळ, गिऱ्हाईक एकच. वच्छलाबाई, आमच्या नेहमीच्या, मोरपंखी साडीला जुळणारं अस्तर घ्यायला आलेल्या. मी अस्तराचे रंग काढत होते आणि काउंटरवर टेकवलेल्या पुठ्ठ्याकडं बघून पुटपुटत होते, "बंद कर. अजून बंद कर. किती बी बंद कर, उरतंच."

वच्छलाबाई दचकल्या. "का वो, दुकान बंद करता का काय?"

झालं! आप्पासाहेब गादीवरून उठलेच. "सुलेखा! मघापासून धा येळा बंद म्हणलीस तू. माझ्या बापानं ह्या गादीवर जल्मात असला शब्द काढला नाय."

"शब्दानं काय व्हतंय, आप्पासाहेब? मी दुकानाला नाय म्हणत. ह्या संचाला म्हणते."

"कुणाला बी म्हण. ह्या छताखाली जे काय बंद करायचं, ते वाढवायचं. समजलं का?"

मला राग आला. असला राग, की उत्तर देण्यापेक्षा टोमणा मारावासा वाटतो. मी पेन घेतलं, पुठ्ठ्यावरच्या 'बंद कर'वर काट मारली आणि मोठ्या अक्षरात 'वाढव' लिहून पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला. "घ्या. वाढवला तुमचा संच. आता खूश?"

"हां. आता कसं," आप्पासाहेब म्हणाले आणि बसले.

पुठ्ठा खाली ठेवताना माझी नजर त्यावर गेली. शून्य ते एक, टोकं सोडून. वाढव.

वाढव? काय घालून वाढवायचा? दोनच वस्तू बाहेर राहिल्या होत्या, अगदी उंबऱ्याला टेकून. एक शून्य आणि एक एक. त्या दोघांना आत घ्या, कड पक्की. याहून कमी घेऊन भागत नाही आणि जास्त घ्यायची गरज नाही. एकच उत्तर! बंद करायचं म्हणजे दुमडायचं नव्हतंच. जे संचाला चिकटून आहे आणि बाहेर राहिलंय, ते सगळं आत घ्यायचं. बंद केल्यानं संच वाढतो.

"बाई, माझं अस्तर," वच्छलाबाई म्हणाल्या. मी त्यांना अर्धा मीटर जास्तीचं कापून दिलं.

माळ्यावर जाऊन मी पुस्तक उघडलं. ते पहिल्या दिवसापासून बरोबरच सांगत होतं. त्यात होतं, 'हा संच ज्यांच्या पोटात आहे असे बंद संच'. मी पहिल्याच पुठ्ठ्यावर उतरवताना 'या संचाच्या पोटातले बंद संच' करून ठेवलं होतं, आणि सहा आठवडे पुस्तकाऐवजी स्वतःच्याच पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला होता. मला माझा इतका संताप आला की डबा खाल्लाच नाही.

पण संताप फार वेळ टिकेना, कारण आता जे दिसेल ते वाढवून बघावंसं वाटत होतं. अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश, अशी रांग घेतली. ती वाढवली तर काय येतं? फक्त शून्य. एवढ्या लांब रांगेला एकच पाहुणा! सगळे अपूर्णांक घेतले तर? मग आख्खी रेषाच आत येते, एकही बिंदू बाहेर राहत नाही. हे कळलं तेव्हा मी माळ्यावर एकटीच हसले. आप्पासाहेबांचं कारण खोटं आहे, हे माझं मत आजही तेच आहे. पण त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा खरा निघाला, आणि हे कबूल करायला मला चार दिवस लागले.

चौथ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आप्पासाहेब, एकदा वाढवलेलं दुकान परत वाढवता येतं का वो?"

"येडी का काय तू? वाढवलं म्हणजे वाढवलं. सकाळी उघडल्याबिगर परत कसं वाढवशील?"

पुस्तकातलं पुढचं गणित नेमकं हेच होतं. ते मी त्याच दिवशी सोडवलं आणि नेहमीसारखी माझी मीच बरोबरची खूण केली.

मंगळवारी अकराला मी माळ्यावर थानांच्या मधोमध बसले, मोबाइल एका गठ्ठ्याला टेकवून. घरी रेंज नसते म्हणून इथं. आप्पासाहेब स्वतः खाली शिडीच्या पायरीवर बसले होते, कुणी वर येऊ नये म्हणून. मोबाइलवर दोघं जण दिसले. एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक दाढीवाले सर. बाई मराठी बोलत होत्या. शिक्षण विचारलं, सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "संच बंद करणं म्हणजे काय, सांगा बघू."

इंग्रजी व्याख्या मी तोंडपाठ केली होती. ती कुठल्या कुठं गेली. तोंडातून निघालं, "बंद करणं म्हणजे वाढवणं."

बाईंनी सरांकडं पाहिलं.

"वाढवणंच का?" बाई म्हणाल्या. "आतून कमी करूनही बंद संच मिळेलच की."

हा तर माझाच प्रश्न होता! मी काटाकूट झालेला तोच पुठ्ठा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. "मिळतात, पण त्यात सगळ्यात मोठा सापडत नाही. मी सहा आठवडे शोधला. कितीही बारीक दुमडा, त्याहून बारीक दुमडता येतंच." कापडाची कड, वच्छलाबाई, दुकानातला कायदा, सगळं सांगून टाकलं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना.

सरांनी हिंदीत विचारलं, "दो बार बंद करें तो?"

मी मीटरपट्टी हातात घेतली. वाढवलेल्या संचाला कुणी बाहेरून चिकटलंय असं धरा. मग त्याच्यापासून अर्ध्या हातावर वाढवलेल्यातलं कुणी तरी असणार. आणि त्याच्यापासून अर्ध्या हातावर मूळ संचातलं. अर्धा आणि अर्धा, एक हात. हात केवढाही छोटा घ्या, हिशोब तोच. म्हणजे तो मुळालाच चिकटलेला होता, आणि म्हणून पहिल्याच खेपेला आत आलेला...

"वाढवलेलं परत वाढत नाय म्हणून सांग!" शिडीवरून आवाज आला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी विचारलं, "कोण आहेत ते?"

"आमचे मालक."

"त्यांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुमचंही बरोबर आहे."

बरोबर. कॉलेज सुटल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत हा शब्द मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळाला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

राहण्याजेवण्याचं विचारायचं ठरवून आले होते. विचारलं भलतंच. "एवढंच, की मी तीन वर्षं मनचे मांडे खात नव्हते ना?"

बाई हसल्या, पण माझ्या भीतीतलं ते हसणं नव्हतं. "मनचेच आहेत हो. आम्हीही तेच खातो. पंगत मोठी आहे, एवढंच."

पंधराव्या दिवशी निवडीचा मेल आला. मी तो आप्पासाहेबांना वाचून दाखवला आणि मे महिन्यात दोन आठवड्यांची रजा मागितली. ऐन लग्नसराई. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मेचे मुहूर्त मोजले.

"जा," शेवटी म्हणाले. "तुझ्यावाणी अस्तर दुसऱ्या कुणाला जुळवता येत नाय. दोन आठवडे तुझं काउंटर ब..."

त्यांनी जीभ चावली. माझ्याकडं पाहिलं.

"वाढवून ठिवू."