एका खाटेवरची पाचवी

गर्दी ही त्या सरकारी दवाखान्याच्या पाचवीलाच पुजलेली. नाशिकच्या त्या बाळंतिणींच्या वॉर्डात खाटांखाली गाद्या, खाटांमध्ये गाद्या, आणि एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी. वेगळी खाट मागावी तर सिस्टर म्हणे, "मावशी, मी माझी खुर्चीसुद्धा देऊन बसलेय."

पेठकडच्या पाड्यावरून आलेल्या धोंडाबाईची सून रोशनी आणि लासलगावच्या वत्सलाबाईची लेक सायली अशाच एका खाटेवर होत्या. एकीचं डोकं तिथं दुसरीचे पाय. मध्ये दोघींच्या पोरी, एकाच दिवशी जन्मलेल्या. सायलीची गुटगुटीत. रोशनीची मूठभर, तिला रडायचंही बळ नव्हतं. त्यात रोशनीला दूध उतरेना.

आज दोन्ही पोरींची पाचवी. सटवाई येणार, कपाळावर नशीब लिहून जाणार. पण खाट एक, पोरी दोन. तिची गफलत झाली तर? वत्सलाबाई मोठी खमकी. सिस्टरनं दिवा लावू दिला नाही, तर तिनं डब्याच्या झाकणावर पूजा मांडली आणि चादरीवर मधोमध हळदीची रेघ ओढली.

"भिंतीकडची आमची गं आई," तिनं हात जोडले. "तिला उदंड आयुष्य दे."

धोंडाबाईनं ते ऐकलं मात्र, तिच्या मनात भलतंच आलं. दिवेलागणीला वत्सलाबाई चहा आणायला गेली. दोघी बाळंतिणींना डुलकी लागली होती. धोंडाबाईनं पोरींच्या जागा बदलल्या आणि खाटेच्या पायाला टेकून बसली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

वॉर्डात पाणी भरलं होतं, भाताच्या खाचरात भरतं तसं. गाद्यांचे बांध झाले होते. त्या बांधांवरून, लुगडं सावरत, दमलेली सटवाई आली.

"सरक गं जरा, टेकू दे," ती म्हणाली. "लय घरं झाली आज. इथं तर दोन घरं एका खाटेवर!"

धोंडाबाई सरकली. सटवाईनं भिंतीकडच्या पोरीच्या कपाळावर लिहिलं, लिहितच राहिली. धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. मग सटवाईनं दुसरीवर बोट टेकलं. "हिला थोडकंच." गुटगुटीत पोर झोपेत हसली.

धोंडाबाईनं सटवाईचं मनगट धरलं. "नगं बाई! ती दुसऱ्याची हाय. आमचं तिच्यावर नगं लिहू."

"मग ह्या ओळी कुठं ठेवू?"

धोंडाबाई दचकून जागी झाली. भिंतीकडची जागा रिकामी! तिच्या काळजाचं पाणी झालं. मग दिसलं: मूठभर पोर सायलीच्या पदराखाली चुटूचुटू पीत होती. गुटगुटीत पोर वत्सलाबाईच्या मांडीवर होती, आणि वत्सलाबाई ओल्या फडक्यानं हळदीची रेघ पुसत होती.

"बाई, मी..." धोंडाबाई धडपडत उठली.

"आमची कोणती ते मला कळत नाय व्हय?" वत्सलाबाई रागानंच म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "तुमची भुकेजली होती. सायलीनं घेतली. आता काय लिहायचं ते दोघींचं मिळून लिहू दे. धरा हिला, चहा निवतोय."

पोर चांगली जड होती. धोंडाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं त्या पोरीच्या कपाळावरून हात फिरवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, "त्या ओळी माझ्यावर लिही."