सारस पाखरीचा आवाज

दवनीवाड्याच्या विहाराच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा म्हणून भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या बांधल्या होत्या. पोरं कल्ला करत होती. रंजिता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या रांगेत तिची माय, दुर्गाबाई, बसली होती.

"माय, लेकरांचं कार्टून होय ते. तू कायले येतं?" तिनं सकाळीच म्हणून पाहिलं होतं.

"तुया आवाज हाये ना त्याच्यात? मंग मी काऊन नाई येऊ?"

रंजिता हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची. गोंदियाच्या वीरेंद्रनं सारस पक्ष्यांवर कार्टून सिनेमा काढला, तेव्हा पिल्लाच्या आईचा आवाज तिच्याकडं आला. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका खोलीत, भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग चाललं होतं. विजेच्या तारेला लागून पिल्लू मरतं, त्या जागी तिनं नाटकातला हंबरडा फोडला.

"ताई, ये तो स्टेज का है," वीरेंद्र म्हणाला. "इथं माइक तोंडापुढं आहे. थोडा धीरे."

तिनं पुन्हा केलं, पुन्हा केलं, जमेना. शेवटी डोळे मिटले, अन् तोंडातून निघालं ते मायचं बोलणं. भाऊ रत्नपाल धानाच्या रोवणीच्या दिवसांत साप चावून गेला, तेव्हा माय रडली नव्हती. त्याच्या उशाशी बसून झोपेतून उठवावं तसं हळू म्हणत राहिली होती, "ऊठ ना बापा, भात थंडा होऊन राहिला." रंजितानं भाताचं तेवढं बदललं. "ऊठ ना बापा, सारे उडून गेले." आवाज मायचाच ठेवला.

वीरेंद्र खूश झाला. घरी मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही. आपल्या गावात कोण दाखवणार हा सिनेमा, असं तिला वाटलं होतं.

आता पडद्यावर तार आली. रंजिता पडद्याकडं पाहतच नव्हती, मायच्या पाठीकडं पाहत होती. पिल्लू पडलं. पोरं गप्प झाली.

"ऊठ ना बापा..."

पदर सावरणारा मायचा हात तिथंच थांबला. शेजारच्या रुख्मानं मान वळवून थेट रंजिताकडं पाहिलं. रत्नपालच्या वेळी रुख्मा घरात होती, तिनं ते बोलणं ऐकलं होतं. बाहेर निघून जावं असं रंजिताला वाटलं. मायचं दुःख आपण बाजारात मांडलं, हेच डोक्यात घुमत राहिलं.

सिनेमा संपला, सतरंज्या सुटल्या, पोरं पळाली. माय उठली नाही. रंजिता तिच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली.

"थोडंसंच काऊन ठेवलं?" माय म्हणाली.

"काय?"

"बोलणं. मी तं उजाडेपर्यंत बोलत होती. ते पाखरी एकडाव बोलली अन् उडून गेली."

"सिनेमा लांबला असता, माय."

"लांबू द्याचा होता."

तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते रंजिताला कळेना. ती मायच्या तोंडाकडं पाहत राहिली. मायनं डोळे पुसले नाहीत, कोरडेच होते.

"पुन्हा दाखवून राहिले का?"

"हो. मुर्री गावची पोरं येऊन राहिली आहेत."

"मंग तू इथंच बस," माय म्हणाली, अन् सरकून तिच्यासाठी जागा केली.