वजा दोन

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर गेज आहे. ताटलीएवढा गोल चेहरा, त्यावर काच, आत शून्यापासून सोळापर्यंतचे आकडे आणि एक काळा काटा, एवढाच माझा संसार. एका मोठ्या वीज कंपनीच्या पंपघरात, तीन नंबरच्या पंपाच्या पाइपवर माझी जागा आहे. पंप पाणी ढकलतो, ते पाणी मोठी यंत्रे थंड ठेवते, आणि पाण्याचा दाब किती आहे ते मी सांगतो. याखेरीज मला काही येत नाही. तरीही माझ्या आयुष्यात एवढा घोळ कसा झाला, हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हते.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. दर दोन तासांनी ऑपरेटर काका काखेत रजिस्टर घेऊन यायचे, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायचे आणि माझा आकडा लिहून घ्यायचे. नऊ म्हणजे नऊ. नवीन कोणी आले की काका अभिमानाने सांगत, "पंपघरात खरं कोण बोलत असेल तर हा!" मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण रात्रंदिवस थरथरणाऱ्या पाइपवर बसून कोणाची तब्येत टिकेल? माझा काटा हळूहळू सरकला आणि मी दोन आकडे जास्त दाखवू लागलो. नऊचा दाब असताना अकरा! मला चूक कळत होती, पण स्वतःचा काटा स्वतःला मागे घेता येत नाही. काकांच्या ते लगेच लक्षात आले. दुसरा गेज मागवला तर तो कधी येईल कोणास ठाऊक, म्हणून त्यांनी पांढरा रंग घेतला आणि माझ्या डोक्यावरच्या पाइपवर लिहून टाकले, 'वजा दोन'. मी अकरा दाखवायचो, ते नऊ लिहायचे. अपमान झाला खरा, पण हिशेब बरोबर होता.

मग दोन वर्षांपूर्वी वार्षिक दुरुस्तीसाठी सगळे बंद असताना एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मला उतरवले, काटा नीट जुळवला, तपासले आणि पाठीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून परत बसवले. माझी पाठ भिंतीकडे. पाइपवर काय लिहिले आहे ते बघणे त्याच्या कामात येत नव्हते. पुढच्याच आठवड्यात तो निवृत्त झाला.

पंप सुरू झाला. मी आनंदाने, अगदी खरेखुरे नऊ दाखवले. काका आले, बघितले, दचकले. "अरेच्चा, दाब उतरला की!" म्हणाले आणि त्यांनी लिहिले, सात.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी चक्रावलो. मी नऊ म्हणायचो, रजिस्टरात सात जायचे. काकांचे बघून बाकीच्या पाळ्यांचे लोकही सातच लिहायचे. पंपाला म्हातारा ठरवले गेले. दोनदा त्याचे पोट उघडले, आतले भाग बदलले, तरी सात ते सातच. कोणी म्हणाले पाणी खराब, कोणी म्हणाले गेल्या दुरुस्तीत काहीतरी बिघडवून ठेवले. इतकी शहाणी माणसे सात म्हणतात तर माझ्यातच काही खोट असेल, असे मलाही वाटू लागले. खरे सांगतो, स्वतःवरचा विश्वास उडणे फार वाईट.

अशात एक मुलगी इंटर्नशिपला आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. हेल्मेट मोठे, ते सारखे नाकावर घसरायचे. हातात कायम वही, म्हणून सगळे तिला वहीवाली म्हणायचे. साहेबांनी तिला आठ आठवड्यांचे काम दिले: तीन नंबरचा पंप अशक्त का झाला ते शोधायचे. तिचा रिपोर्ट आला की साहेब पंप काढून टाकण्याच्या कागदावर सही करणार होते.

पहिले काही आठवडे तिला काहीच कळत नव्हते. काही विचारले की उत्तर ठरलेले, "कळेल हळूहळू." ती मान डोलवायची आणि वहीत प्रश्नचिन्ह काढायची. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोरच्या कट्ट्यावर बसून ती आईला फोन करायची. "हो गं आई, शिकतेय. काय शिकतेय ते मात्र विचारू नकोस."

तिला सांभाळून घेतले ते काकांनी. पंपावर तळहात ठेवून त्याची थरथर कशी ओळखायची, आवाजावरून बेअरिंग झिजले आहे का ते कसे समजते, सगळे त्यांनी जीव लावून शिकवले. आणि हेही शिकवले की, "या गेजचा आकडा घेतलास की दोन वजा करायचे, बाळा. हा जरा बढाईखोर आहे."

बढाईखोर! मी! पण माझे ऐकतो कोण?

पाचव्या आठवड्यात तिला रिपोर्टात गेजचा नंबर भरायचा होता. नंबर माझ्या पाठीवर. तिने मोबाइल भिंतीच्या फटीत सरकवून फोटो काढला आणि त्यात नंबराखालची चिठ्ठी आली. काटा जुळवला, तपासला, तारीख. तिने धावत जाऊन जुने रजिस्टर आणले, माझ्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली आणि पाने उलटत राहिली. पहिले सात त्याच आठवड्यातले होते.

मला वाटले, सुटलो! पण छे. ती दोन दिवस नुसती येऊन माझ्याकडे बघून जायची. तिसऱ्या दिवशी आईशी बोलताना तिचा आवाज रडवेला झाला होता. "इथे वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं आहेत गं. ती सगळी चुकली आणि मी तेवढी बरोबर, असं कसं असेल? आणि खरं असलं तर काकांना कुठल्या तोंडाने सांगू? गप्प बसले तर चांगला पंप भंगारात जाईल." पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. ती बराच वेळ "हं, हं" करत राहिली.

शेवटच्या आठवड्यात साहेब कागद घेऊन पंपघरात आले. काका होते, नवा मेकॅनिक होता. वहीवालीने हेल्मेट मागे सारले.

"साहेब, सहीच्या आधी एकदा याचा गेज बदलून बघू या का? दोन नंबरच्या पंपाचा इथे लावून?"

"आता आठवलं?" साहेब वैतागले. "बरं, पाच मिनिटांत करा."

मेकॅनिकने माझ्याखालची तोटी बंद केली, पान्याने मला उतरवून फडक्यावर ठेवले आणि माझ्या जागी दोन नंबरचा गेज बसवला. तोटी उघडली. त्याचा काटा वर गेला आणि नऊवर थांबला.

काकांनी चष्मा ओढला, रजिस्टर उघडले आणि सवयीने म्हणाले, "सात."

मग मेकॅनिक हळूच म्हणाला, "काका, हा गेज दोन नंबरचा आहे. याच्यातून कशाला वजा करताय?"

काकांचे पेन तसेच राहिले. त्यांनी गेजकडे बघितले, फडक्यावर पडलेल्या माझ्याकडे बघितले, मग त्या मुलीकडे. तिने मान खाली घातली होती. तिने पुढे केलेल्या मोबाइलमधल्या फोटोतली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"साहेब," काका म्हणाले, "पंप ठणठणीत आहे. वजाबाकी माझी चुकली. दोन वर्षं चुकली."

साहेबांनी मुलीला विचारले, "रिपोर्टात आहे हे?"

"लिहिलंय, पण ते पान लावलं नाही."

"का?"

तिने काकांकडे बघितले. काकाच बोलले, "लाव ते पान, बाळा. आणि त्यात ऑपरेटर चुकला असं स्पष्ट लिही. कोणीतरी चुकलं, असं मोघम नको."

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

तपासणी करून मला पुन्हा माझ्या जागी बसवले, तोपर्यंत वहीवाली कॉलेजात परत गेली होती. सकाळी काका एकटेच आले. मी नऊ दाखवत होतो. ते माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. इतक्या दिवसांची सवय, हात अडखळला. मग त्यांनी लिहिले, नऊ.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला पडू-आपटू देऊ नका, वेळच्या वेळी तपासा, हे तर मी सांगणारच. पण एक जास्तीचे मागतो. एखादा कधीकाळी चुकत होता, एवढ्यावरून त्याच्या खऱ्या बोलण्यातून आयुष्यभर दोन वजा करू नका. तो सुधारला असेल आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेही नसेल. त्याच्यासमोर उभे राहा, नीट बघा, आणि दिसेल तेवढेच लिहा.