दुसऱ्या खोलीचा भार

त्या मंगळवारी सकाळी मला दोन फोन आले. पहिला ऑफिसातून. सर्व्हरच्या पहिल्या खोलीचं कूलिंग बंद पडून तिथले सगळे सर्व्हर बंद पडले होते, पण दुसऱ्या खोलीने काम उचललं होतं. दुसरा फोन अर्ध्या तासाने, दवाखान्यातून. बायकोला आणलं होतं. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मेंदूत रक्तस्राव झालाय. फार दिवस नाहीत, मनाची तयारी ठेवा."

नऊ दिवस मिळाले. ते कोणामुळे मिळाले, ते लिहून ठेवतो.

मी रुग्णवाहिकेच्या फोनचं नियोजन करतो. फोन करणारा पत्ता बोलतो, मशीन ते बोलणं ओळखून जवळची गाडी पाठवतं. त्याचे सर्व्हर दोन इमारतींत, दोन खोल्यांत आहेत. गर्दीच्या वेळी एकदम अठ्ठेचाळीस फोन येतात. मी प्रत्येक खोली तीस फोन पेलेल एवढी धरली होती. चोवीस इकडे, चोवीस तिकडे, वर थोडी जागा. मला ते फार नेटकं वाटलं होतं.

आमच्याकडे आराखडे तपासणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. त्यांनी कागदावर लाल रेघ मारली.

"साहेब, एक खोली पडली की अठ्ठेचाळीस फोन कुठे जाणार?"

"दुसरीत."

"ती तर तिसांची. उरलेल्या अठरांना काय सांगायचं, उद्या आजारी पडा?"

प्रत्येक खोली एकटीने साठ फोन पेलेल एवढी करा, असं त्यांनी लिहिलं. मी घरी येऊन कुरकुर केली.

"बाई बरोबर बोलतायत," बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला कुणी चूक दाखवली की भूक लागत नाही. जेवा आधी."

मी चार दिवस मास्तरीणबाईंशी धड बोललो नाही. पण आराखडा बदलला.

त्या मंगळवारी बायको घरात एकटी होती. तिने फोन लावला तेव्हा दुसऱ्या खोलीत एकेचाळीस फोन चालू होते. मी नंतर नोंद पाहिली. माझ्या आराखड्यात त्यातल्या अकरा जणांना फोन व्यस्त लागला असता. तिला लागला असता की नाही, देव जाणे.

तिचं बोलणं अडखळत होतं. मशीनला दोनदा पत्ता कळला नाही. अशा वेळी फोन माणसाकडे जातो. त्या माणसाने नंबरवरून पत्ता काढला आणि म्हणाला, "ताई, बोलू नका. मी वाचतो, बरोबर असेल तर फोनवर एकदा टकटक करा." तिने टकटक केलं. नऊ मिनिटांत गाडी दारात होती.

चौथ्या दिवशी तिचे शब्द थोडे सुटले. मला जवळ बोलावून म्हणाली, "तुमचं मशीन... बहिरं आहे." मी हसलो, तीही अर्ध्या ओठांनी हसली. मुलगी दुसऱ्या शहरातून येऊन पोहोचली, दोघी एकमेकींचा हात धरून बसायच्या. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली.

कामावर परतलो तेव्हा आधी मास्तरीणबाईंकडे गेलो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"माझे आभार मानू नका. माझा तर तो पगारच आहे. टकटक करायला सांगणाऱ्याचे माना."

"मानले. काल त्यालाच भेटून आलो."

"तो बसतो कुठे?"

"पहिल्या इमारतीत. फोन घेणारे सगळे तिथेच बसतात."

त्यांनी लाल पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "त्या मंगळवारी तिथल्या खोलीचं नुसतं कूलिंग गेलं होतं. उद्या आख्खी इमारत रिकामी करावी लागली तर?"

मी तिथेच बसून लिहून दिलं. मंजुरीही मिळाली आहे. पण दुसऱ्या इमारतीत फोन घेणाऱ्या माणसांची सोय अजून झालेली नाही.